‘नेट बंद आहे’ म्हणजे नेमके काय बंद आहे?

सकाळचे अकरा वाजलेले असतात. ग्रामपंचायत कार्यालयाच्या पायरीवर एक वयस्कर बाई नातीच्या जन्मदाखल्यासाठी येऊन बसलेल्या असतात. त्यासाठी भांगलणीची एक दिवसाची मजुरी त्यांनी सोडलेली असते. आतून संगणक परिचालक सांगतो, “आजी, नेट बंद आहे. उद्या या.” आजी पिशवी उचलतात आणि निघतात. उद्या तरी ते चालू असेल काय, हे त्यांना ठाऊक नसते. सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते.

हे दृश्य ग्रामीण भागात कोणालाच अपरिचित नाही. जन्म-मृत्यूच्या नोंदी आता संगणकावर होतात. पंचायतीचा जमाखर्च २०२० पासून ‘ई-ग्रामस्वराज’ या प्रणालीत भरला जातो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या बाबतीत तर शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा मानावयाचा आहे. अशा स्थितीत ‘नेट बंद आहे’ हे वाक्य केवळ तांत्रिक राहत नाही. ते एका हक्काच्या आड येते. आणि गंमत अशी की, या वाक्यातून काहीच कळत नाही. पत्र मिळाले नाही असे म्हटल्याने ते लिहिलेच गेले नव्हते, टपालपेटीत पडून आहे, की वाटेत कोठे अडकले, हे जसे कळत नाही, तसेच हे आहे. पंचायतीच्या मेजापासून दाखल्याची नोंद असलेल्या दूरच्या संगणकापर्यंत अनेक उपकरणांची एक साखळी असते. तीतील प्रत्येकाचे काम ठरलेले असते, आणि खंड पडतो तो बहुधा एकाच कडीत. ती कडी कोणती हे ओळखण्यास अभियंता असण्याची गरज नाही. कोणते उपकरण काय काम करते, एवढे ठाऊक असले म्हणजे पुरे.

पाकिटे आणि पत्ते

दोन किंवा अधिक संगणक परस्परांना मजकूर पाठवू शकतील अशा रीतीने जोडले की त्याला संगणकांचे जाळे म्हणतात. अशी अनेक जाळी परस्परांना जोडून जे जाळ्यांचे जाळे निर्माण झाले, ते इंटरनेट होय. त्याचा पूर्वज असलेल्या ‘अर्पानेट’वर २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधनसंस्थेतील संगणकाकडे पहिला संदेश धाडण्यात आला. पाठवावयाचा शब्द होता ‘लॉगिन’. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. जाळे ऐन वेळी बंद पडण्याची परंपरा जाळ्याच्या जन्माइतकीच जुनी आहे, असे म्हणावयास हरकत नाही!

या जाळ्यातून कोणताही मजकूर अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे केले जातात; त्यांना पॅकेट म्हणजे पाकीट असेच नाव आहे. एका पाकिटात साधारणपणे दीड हजार बाइट मावतात. म्हणजे तीनशे किलोबाइटचा एक दाखला पोहोचावयास सुमारे दोनशे पाकिटे लागतात. प्रत्येकावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता आणि अनुक्रमांक असतो. ती वेगवेगळ्या वाटांनी गेली तरी चालते. पलीकडे अनुक्रमाने पुन्हा जुळविली जातात. मिळालेल्या पाकिटांची पोच पाठविली जाते आणि जिची पोच आली नाही ती पाकिटे पुन्हा धाडली जातात. या व्यवहाराचे नियम व्हिंट सर्फ व बॉब कान या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडले. १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटने ते स्वीकारले, आणि आजही मूलतः तेच चालू आहेत.

पाकिटावरचा पत्ता म्हणजे ‘आयपी पत्ता’. तो आकड्यांत असतो. त्याची रचना समजण्यास आपल्या परिचयाचा पिनकोड फार उपयोगी पडतो. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृतचे व्यासंगी कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धती देशात सुरू झाली. सहा आकड्यांतील पहिला आकडा विभाग दाखवितो, पहिले तीन मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा ठरवितात आणि शेवटचे तीन विशिष्ट टपाल कार्यालय सांगतात. दिल्लीत पत्रांची वर्गवारी करणाऱ्याला घेणाऱ्याचे नाव, आळी, घर क्रमांक वाचण्याचे कारण नसते. आरंभीचे आकडे पाहून तो पत्र योग्य थैलीत टाकतो. आयपी पत्त्याचाही आरंभीचा भाग जाळे कोणते हे सांगतो आणि उरलेला भाग त्या जाळ्यातील यंत्र कोणते हे सांगतो. वाटेतील उपकरणे बहुतांशी पहिलाच भाग पाहतात. जगातील कोट्यवधी यंत्रांची यादी कोणा एकाजवळ नसतानाही पाकीट ठिकाणी पोहोचते, याचे रहस्य हेच.

कार्यालयाच्या चार भिंतींत

आता प्रत्यक्ष कार्यालयात येऊ. मेजावरील संगणकाच्या मागील बाजूस एक चौकोनी खाच असते. तीत केबलचे टोक ‘टक्’ असा आवाज होऊन बसते. ती केबल ज्या पेटीत जाते, तिला स्विच म्हणतात. शाळेच्या संगणककक्षात चोवीस खाचांची अशी पेटी अनेकांनी पाहिली असेल. एकाच कार्यालयातील यंत्रांची परस्परांशी गाठ घालून देणे हे स्विचचे काम. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक क्रमांक मिळालेला असतो. कोणत्या खाचेवर कोणत्या क्रमांकाचे यंत्र आहे हे स्विच पाहून पाहून शिकतो, आणि मुद्रकासाठी आलेले पाकीट मुद्रकाच्याच खाचेतून बाहेर सोडतो. पूर्वी ‘हब’ नावाची पेटी वापरीत. ती प्रत्येक पाकीट सर्वांना ऐकवीत असे, चावडीवर दवंडी पिटावी तसे. आज ती जवळजवळ नाहीशी झाली आहे.

स्विच गुणी असला तरी एका बाबतीत भोळा असतो. एकाच केबलची दोन्ही टोके कोणी अनवधानाने त्याच स्विचमध्ये खोचली, तर सर्वांसाठी असलेले पाकीट एका खाचेतून बाहेर पडून दुसरीतून परत येते, पुन्हा बाहेर पडते, आणि क्षणार्धात अशा फेऱ्यांनी जाळे भरून जाते. साध्या स्विचला हे थांबविता येत नाही. साफसफाईनंतर लोंबकळणारे टोक मोकळ्या खाचेत ‘व्यवस्थित’ लावून ठेवले आणि संपूर्ण संगणककक्ष ठप्प झाला, असे होते ते यामुळे. स्विचवरचे सगळे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकू लागले, तर प्रथम हीच शंका घ्यावी. तांब्याची केबल शंभर मीटरपेक्षा लांब नसावी, हेही ध्यानात ठेवावयास हवे. पंचायतीतून शेजारच्या शाळेपर्यंत दीडशे मीटर केबल ओढून जोडणी दिली, की ती चालल्यासारखी वाटते आणि अधूनमधून दगा देते.

केबलऐवजी रेडिओलहरींनी हेच काम करणारे उपकरण म्हणजे वाय-फायचा ‘ॲक्सेस पॉइंट’. भ्रमणध्वनीवर वाय-फायची खूण पूर्ण दिसते तेव्हा एवढेच सिद्ध होते की, भ्रमणध्वनीची या पेटीशी ओळख पटलेली आहे. पेटीच्या पलीकडे वाट मोकळी आहे की नाही, याविषयी ती खूण काहीच सांगत नाही. ‘वाय-फाय तर पूर्ण आहे, मग नेट का नाही?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

उंबरठ्यावरील राउटर

स्विच घरातल्या घरात वाटप करतो. घराबाहेर पाठविणे हे राउटरचे काम. एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात पाकीट नेणारे उपकरण ते राउटर. प्रत्येक पाकिटाचा पत्ता पाहून पुढची वाट कोणती एवढेच तो ठरवितो. संपूर्ण प्रवास त्याला ठाऊक नसतो. पुढचा राउटर त्याच्या पुढची वाट ठरवितो. अशा दहा-पंधरा टप्प्यांत पाकीट मुक्कामी पोहोचते.

कार्यालयातील राउटरकडे आणखी दोन कामे असतात. एक म्हणजे, नव्याने सुरू झालेल्या प्रत्येक यंत्राला आतल्या वापरासाठी पत्ता नेमून देणे. असे पत्ते बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतात. ज्या संगणकाला पत्ता मिळत नाही, तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता धारण करतो. हा पत्ता दिसला म्हणजे संगणक आणि राउटर यांचे बोलणेच झालेले नाही असे समजावे. दोष खोलीच्या आत आहे, बाहेर नाही.

दुसरे काम कार्यालयीन मंडळींना चटकन पटण्यासारखे आहे, कारण ते आवक-जावक लिपिकाचे काम आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते सुमारे ४३० कोटीच असू शकतात, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. म्हणून कार्यालयातील पाच संगणकांना बाहेरच्या जगात मिळून एकच पत्ता असतो. आतील संगणकाचे पाकीट बाहेर जाताना राउटर त्यावर हा सामायिक पत्ता घालतो आणि कोणत्या मेजावरून ते निघाले याची नोंद स्वतःजवळ ठेवतो. उत्तर आले की नोंद पाहून ते त्या मेजावर पोहोचवितो. जावक क्रमांक नसलेले उत्तर आले तर ते कोणाचे हे कळत नाही आणि टाकून दिले जाते. बाहेरील आगंतुकांना त्यामुळे काहीसा अटकावही होतो. अर्थात याला संपूर्ण सुरक्षा मानणे चूक ठरेल. नव्या पद्धतीत पत्त्यांची संख्या इतकी प्रचंड आहे की टंचाईचा प्रश्नच उरत नाही. मात्र जुनी आणि नवी पद्धती अद्याप शेजारी-शेजारी नांदत आहेत.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या एकाच लहानशा पेटीत राउटर, चार खाचांचा स्विच आणि वाय-फाय ही तिन्ही एकत्र असतात, आणि बोलताना तिला सरसकट ‘मोडेम’ म्हटले जाते. नाव काहीही असो. पेटी एक असली तरी कामे तीन आहेत, आणि त्यांपैकी एक बिघडून दोन चालू राहू शकतात.

काचेचा धागा

राउटरमधून निघालेली वाट आता बहुतेक ठिकाणी प्रकाशतंतूच्या पेटीत जाते. तिला ‘ओएनटी’ म्हणतात. विजेच्या संकेतांचे प्रकाशात आणि प्रकाशाचे विजेत रूपांतर करणे हे तिचे काम. ज्या काचेच्या धाग्यातून हा प्रकाश धावतो त्याची जाडी, आवरण वगळता, केसाइतकी असते आणि प्रकाश वाहणारा त्याचा गाभा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असतो. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. गाव तालुक्यापासून पन्नास किलोमीटरवर असल्याने काही बिघडत नाही. काचेतून वीज वाहत नसल्यामुळे आकाशातील विजेचा लोळ या धाग्यामार्फत कार्यालयात शिरत नाही. मात्र तीव्र वळण दिल्यास प्रकाश त्यातून निसटतो. शिल्लक राहिलेला धागा खिळ्याभोवती घट्ट गुंडाळून ठेवण्याची सवय म्हणूनच वाईट. मोकळ्या टोकात डोकावूनही पाहू नये. हा प्रकाश डोळ्यांस दिसत नाही, पण इजा करू शकतो.

ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याच्या योजनेस केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. २०१५ पासून ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रात तिच्या पुढील टप्प्याचे काम ‘महानेट’ या नावाने हाती घेण्यात आले. पहिल्या टप्प्यातील रचनेत तालुक्याच्या दूरध्वनी केंद्रात ‘ओएलटी’ हे मुख्य उपकरण असते. तेथून निघालेला एक धागा वाटेत विजेविना चालणाऱ्या विभाजकाने अनेक शाखांत फुटतो आणि एकेक शाखा एकेका गावच्या ओएनटीपर्यंत जाते. पाटाचे पाणी चाऱ्यांतून वाटावे तशी ही योजना आहे. ती स्वस्त पडते. परंतु तिचा दोषही पाटासारखाच आहे. वरच्या अंगाला पाट फुटला की खालची सारी शेते कोरडी. रस्तारुंदीकरणात अथवा नळपाणी योजनेच्या खोदकामात एके ठिकाणी फावडे लागले तर चार-पाच गावे एकदम मुकी होतात. शेजारच्या गावातही त्याच वेळी बंद आहे काय, हे एका दूरध्वनीने विचारून घेतले तर दोष कोठे असावा याचा निम्मा उलगडा होतो. यावर उपाय म्हणून २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात फांद्यांऐवजी कड्याची रचना स्वीकारली आहे. धागा गावागावांतून फिरून मूळ ठिकाणी परत येतो. एका बाजूने तुटला तर पाकिटे दुसऱ्या बाजूने फिरून जातात.

नावावरून पत्ता

तालुक्याच्या पुढे मोठे राउटर आणि मोठे धागे असतात. त्यांची चिंता पंचायतीने करण्याचे कारण नाही. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. संगणकावर आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो, आकड्यांचा पत्ता लिहीत नाही. नावावरून पत्ता शोधून देणारी स्वतंत्र यंत्रणा असते. तिला ‘डीएनएस’ म्हणतात. आरंभी सगळ्या संगणकांची नावे आणि पत्ते एकाच यादीत ठेवीत. यादी आवरेनाशी झाली तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी ती अनेक ठिकाणी वाटून ठेवण्याची रीत काढली. २०१४ पासून ‘डॉट भारत’ या शेवटासह देवनागरीतही नावे घेता येतात. नावे शोधून देणारी ही यंत्रणा अडली, तर सर्व वाटा मोकळ्या असूनही ‘नेट बंद’ असेच वाटते. पत्ता हरवला म्हणजे गाव नाहीसे झाले असे होत नाही, तसेच हे.

साखळीची शेवटची कडी म्हणजे सर्व्हर. सर्व्हर हाही संगणकच. मागणी आली की उत्तर द्यावयाचे, एवढेच त्याचे काम. महिनाअखेर किंवा अर्जाच्या शेवटच्या दिवशी राज्यभरातून मागण्या एकदम आल्या की तो हळू होतो. रेशन दुकानापुढची रांग वाढली म्हणून दुकानापर्यंतचा रस्ता बंद आहे, असे कोणी म्हणत नाही. येथे मात्र नेमके तसेच म्हटले जाते.

तपासणी कोठून सुरू करावी

तपासणी नेहमी जवळच्या टोकाकडून करावी. एक संगणक बंद आहे की सगळे? एकच असेल तर त्याची केबल काढून दुसऱ्या खाचेत लावून पाहावी. स्विचच्या त्या खाचेवरचा दिवा लागला नाही, तर दोष केबलचा किंवा खाचेचा आहे. सगळेच बंद असतील तर राउटर पाहावा. ‘पिंग’ ही आज्ञा राउटरच्या पत्त्यावर, बहुधा १९२.१६८.१.१ वर, धाडली असता उत्तर आले, तर घरातील व्यवस्था ठीक आहे. मग ओएनटीकडे वळावे. तिच्यावर ‘एलओएस’ या इंग्रजी अक्षरांजवळचा दिवा तांबडा असेल, तर प्रकाश येत नाही, धागा कोठेतरी तुटला किंवा सुटला आहे. तो विझलेला आणि ‘पॉन’ या अक्षरांजवळचा हिरवा दिवा स्थिर असेल, तर तालुक्यापर्यंतची वाट शाबूत आहे. इतर संकेतस्थळे उघडतात आणि एकच उघडत नाही, असे असेल तर दोष त्या सर्व्हरचा. अशा वेळी राउटर दहा वेळा बंद-चालू करण्यात अर्थ नाही.

वीज गेल्यावरही पुष्कळदा धागा चालूच असतो. झोपलेल्या असतात त्या कार्यालयातील दोन पेट्या. राउटर आणि ओएनटी यांना प्रत्येकी दहा-पंधरा वॅटच वीज लागते. संगणकाच्या यूपीएसला त्या जोडून ठेवल्या, किंवा त्यांच्यापुरती लहान बॅटरी बसविली, तर भारनियमनाच्या काळातही निदान भ्रमणध्वनीवरून काम करता येते.

तक्रारीची भाषाही मग बदलते. नोंदवहीत ‘नेट बंद’ एवढेच लिहिले तर येणारा तंत्रज्ञ काय घेऊन यावे या संभ्रमात रिकाम्या हाताने येतो, पाहून जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. ‘सकाळी १०.४० पासून ओएनटीवर तांबडा दिवा, वीज चालू, शेजारचे गावही बंद, वेशीजवळ जलवाहिनीचे खोदकाम’ असे लिहिले तर तो धागा जोडण्याचे यंत्र घेऊन थेट वेशीवर जातो. आणि पायरीवर बसलेल्या आजींनाही सांगता येते की, धागा तुटला आहे, आज होणार नाही, जोडला की निरोप धाडतो. किंवा सर्व्हर हळू आहे, घटकाभर थांबा, दाखला हातात घेऊनच जा.